दहा लाख नऊ

परभणी, २६ डिसेंबर १९३८

चि. चंद्रभान,

आशीर्वाद तुझी माय रोजच पाठवते, त्यात माझी भर नको. मी कामाचं लिहितो.

तुला एक आकडा पाठवतो आहे. १०००००९. दहा लाख नऊ. ही मूळ संख्या आहे की नाही, मला ठाऊक नाही. तुलाही नसावं. मूळ संख्या, म्हणजे आमच्या सरकारी मदरशातल्या उर्दू पुस्तकात जिला मुफरद म्हणतात ती. एक आणि ती स्वतः सोडली तर जिला कशानंच पुरा भाग जात नाही. हे तुला सांगायची गरज नाही. तुझ्याआधी जे अंमलदार हे पत्र वाचतील त्यांच्यासाठी लिहिलं.

आकडा कुठून आला तेही लिहितो. तुम्ही मंडळी सत्याग्रहाचा झेंडा घेऊन मदरशासमोर आलात त्या वेळी मी फळ्यावर दहा लाख लिहीत होतो. बाहेर घोषणा सुरू झाल्या. तुझा आवाज लगेच कळला. हात चालूच होता. शेवटच्या शून्याच्या जागी नऊ पडला. मग मी खिडकी लावली. तू खिडकीकडं बघत होतास, ते मी बघितलं. वर्गात लहान मुलं होती, रस्त्यावर लाठीवाले होते. खिडकी लावणं भाग होतं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तुम्हाला घेऊन गेले. मी मागं वळलो तर फळ्यावर तो आकडा. पुसायला डस्टर उचललं, परत ठेवलं. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. जेवताना भाग घालतो, अंघोळीच्या वेळी भाग घालतो. बसवत नाही म्हणून फिरतो, फिरवत नाही म्हणून बसतो.

काही गोष्टी तोंडीच होतात. दहा लाख नऊमधून नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव वजा कर. उरतात दहा. त्या नवांच्या रांगेला तीन, सात, अकरा, तेरा आणि सदतीस अशा पाचांनी भाग जातो. दहाला त्यांतल्या कुणानंच जात नाही. म्हणून ते पाचही एकाच फटक्यात बाद. पुढं मात्र एकेकाला धरून भागाकार करावा लागतो. हजारापर्यंत गेलं की पुरे, कारण हजार गुणिले हजार म्हणजेच दहा लाख. दोन भाजक असले तर त्यांतला एक हजाराच्या आत सापडलाच पाहिजे.

तर माझं म्हणणं असं. मी खालून वर येतो, तू वरून खाली ये. ९९७ पासून सुरू कर. (तेवढा एक मी करून बघितला, अठरा उरतात. तुझ्या वाट्यातला एक खाल्ला.) कागद देत नसतील तर फरशीवर कोळशानं कर.

हैदराबादला वसतिगृहात प्रार्थनेवरून बिनसलं आणि तू कॉलेजातून नाव काढून आलास, तेव्हा मी माफी मागून परत जा म्हणालो. त्यावर तू घरात पाण्याला शिवला नाहीस. तुझा राग असेल, तो असू दे. भागाकाराला राग लागत नाही.

तुझी माय विचारते, घोंगडी दिली का.

व्यंकटराव

परभणी, २१ जानेवारी १९३९

चि. चंद्रभान,

माझं पत्र तुला मिळालेलं नाही. कसं कळलं म्हणशील, तर ते काल माझ्यासमोर पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं. तुरुंगाच्या अंमलदारांनी ते इथल्या ठाण्यावर परत धाडलं, चौकशी करा म्हणून. मला मदरशातून बोलावून नेलं. आकड्याखाली तांबड्या शाईची रेघ होती.

"मास्टरसाब, ये क्या है?"

"अदद आहे, साहेब."

"वो तो मैं भी देख रहा हूँ. मतलब क्या?"

"मतलब काही नाही."

"बगैर मतलब के कोई जेल में खत लिखता है?"

त्यांचा वहीम असा की दहा म्हणजे तारीख, नऊ म्हणजे माणसं, आणि मधली शून्यं म्हणजे आगगाडीची चाकं. पूर्णेच्या अलीकडं कुणीतरी रूळ उखडणार आहे अशी त्यांना खबर आहे म्हणे. मी म्हणालो, साहेब, सतरानं भागलं तर एक उरतो, एकोणिसानं भागलं तरी एकच उरतो, यात रूळ कुठून आले? त्यांनी हात वर केला.

एखाद्या आकड्याला अर्थ आहे हे दाखवता येतं. अर्थ नाही हे कसं दाखवायचं? आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, पण हे उदाहरण कधी पुढं आलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "सवाल है तो जवाब भी होगा. जवाब लाओ, मैं मानूंगा. तब तक सब खत मेरे पास."

"जवाब मलाच ठाऊक नाही, साहेब."

"तो ढूंढो."

आमच्या शाळा तपासणारे मोहतमिमसाहेबही तिथं खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "व्यंकटराव, आकडे कशाला धाडता? पोराला सरळ लिहा, माफीनाम्यावर सही कर. तो सुटेल, तुमचं लचांड मिटेल." मी विचार करून सांगतो म्हणालो.

घरी येऊन तुझ्या मायेला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "दोन डगरींवर हात ठिवून किती दिस उभं ऱ्हानार?" मी अंगणात गेलो, परत आत आलो, परत अंगणात गेलो.

हे पत्रही अमीनसाहेबांच्याच हातात जाईल. साहेब, आपण वाचत असाल तर सलाम.

व्यंकटराव

परभणी, १८ फेब्रुवारी १९३९

चि. चंद्रभान,

तिन्ही पत्रं तुला एकदमच मिळतील. अमीनसाहेबांची खात्री पटली. कशी पटली ते लांबण आहे, सोडून दे.

मोहतमिमसाहेबांनी मला असं सांगितलं आहे की, तू माफीनाम्यावर सही करावीस असं मी तुला लिहावं. त्यांनी असं सांगितलं आहे, हे मी लिहिलं. अक्षर माझं, वाक्य त्यांचं. या विषयावर माझ्याकडून एवढंच.

आता कामाचं. एकशे एकानं आठ उरतात. एकशे नव्याण्णवनं चौतीस. दोनशे अकरापर्यंत आलो, ऐंशी उरले. हात दुखतो पण चालू आहे. तू कुठपर्यंत आलास? महिन्याला एक पत्र लिहायची तुम्हाला मुभा आहे, असं कळलं. एक कार्ड टाक. मला नको लिहूस, मायेच्या नावानं लिही. नुसता आकडा लिहिलास तरी मला कळेल.

आज सकाळी मदरशाची घंटा झाली तेव्हा मी ओसरीवर होतो. तिथून घंटा इतकी स्पष्ट ऐकू येते हे मला ठाऊक नव्हतं. सवयीनं उठून टोपी घातली. मग काढून ठेवली. मी सध्या रजेवर आहे, रुखसत घेतली आहे. पाठ धरली आहे, दुसरं काही नाही.

शेजारचे लोक फार बोलत नाहीत. पूर्वी वाटेत थांबवून मुलांच्या इयत्ता विचारायचे. ठीक आहे, माझाही वेळ वाचतो.

फरशीवर लिहीत असशील तर डाव्या बाजूला जागा ठेवून लिही. भागाकार खाली खाली उतरत जातो आणि तू लहानपणापासून कडेला चिकटून सुरुवात करतोस. मग शेवटचे आकडे दाटतात आणि चूक तिथंच होते.

व्यंकटराव

पेडगाव, ९ एप्रिल १९३९

चि. चंद्रभान,

वरचं गावाचं नाव बघून चकित होऊ नकोस. हवापालटासाठी आलो आहे. परभणीचं बिऱ्हाड तूर्त बंद केलं, तुझी माय पण इकडंच आहे. आश्रुबाला शेतात माणूस कमी पडत होतं. ज्वारीची खळी झाली. मी पण हात लावला. आश्रुबा माझा धाकटा भाऊ, पण खळ्यात तो माझा मास्तर. पहिल्या दिवशी मी उफणायला उभा राहिलो तो वाऱ्याच्या तोंडालाच. सगळा भुसा माझ्या अंगावर. तो म्हणाला, "दादा, बाजूला व्हा, इथं पुस्तकातला वारा न्हाई." त्यानंतर मी दाणे भरायचं काम घेतलं.

भागाकार दोनशे सत्त्याहत्तरपर्यंत आला. एकोणचाळीस उरले. दोनशे एक्क्याऐंशीनं दोनशे अकरा. दोनशे त्र्याऐंशीनं एकशे सत्तर. इथं जरा थांबलो आहे. ऊन फार झालं.

तुझं कार्ड आलं नाही.

पोखर्णीचा मुंजाजी तुझ्याच बराकीत आहे ना? त्याची आई कडूबाई परवा इथवर चालत आली होती. तिच्या मुलाचं कार्ड आलं म्हणून वाचून घ्यायला. मी वाचून दाखवलं. खाली दोन ओळी होत्या, "बराकीत एक परभणीचा हाय, दिसभर कोळशानं जमीन काळी करतो, जमादार रोज पुसायला लावतो, पुसली की परत काळी करतो." त्या ओळी मी दोनदा वाचल्या. कडूबाई म्हणाली, "मास्तर, येवढंच हाय का वाचायचं?" मी म्हणालो, एवढंच. मग पुन्हा एकदा वाचल्या.

तर तू करतो आहेस. ठीक.

घाई करू नकोस. या कामाला घाई उपयोगाची नाही. वरून खाली येताना एकही मूळ संख्या सुटू देऊ नकोस. सगळं पडताळून पुढं जा. मीही दोनशे त्र्याऐंशी परत एकदा करून बघणार आहे, शंका येते.

व्यंकटराव

पेडगाव, २१ मे १९३९

चि. चंद्रभान,

दोनशे त्र्याऐंशी पुन्हा केला. एकशे सत्तरच उरतात. मधे विहिरीचा गाळ काढायचं काम निघालं, त्यामुळं पुढं सरकलो नाही. शिवाय इथं पाटी मिळत नाही. पाटी मिळाली तर पेन्सिल मिळत नाही.

पाऊस येईपर्यंत इथंच आहे. मग बघू.

तू पाचशेच्या खाली आलास का? मला सांगायचंच असं नाही. करत राहा म्हणजे झालं. फार लवकर संपवायचं काम नव्हे हे.

व्यंकटराव

पेडगाव, १२ जून १९३९

माझ्या चंदरभान,

ही मी, तुझी माय धुरपता बोलायले. आश्रुबाकाकाची बायना लिव्हायली. तुझ्या आबानंच तिला लिव्हायला शिकिवलंय. ते शेतात गेलेत तवर लिव्हून घ्यायले. कडूबाई तुरुंगात मुलाखतीला चाललीय, तिच्या लुगड्याच्या पदरात बांधून धाडते. ह्ये अमीनाच्या हातातून जानार न्हाई.

तुझ्या आबांनी तुला लिव्हलं नसंल. त्यांची नौकरी गेली. रुखसत न्हाई, पाठ न्हाई, काय न्हाई. शाळेचा सायब आला अन् म्हणला, पोराला लिव्हा, माफी माग म्हणून, न्हाईतर घरी बसा. तुझे आबा म्हणले, "पोरगा माझा हाय, सही त्याची हाय. मी लिव्हनार न्हाई." सायबाला वाटलं, म्हातारा गरम झालाय, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी सायबानं परत बोलीवलं. परत तेच म्हणले. मला ह्ये शाळेच्या शिपायाच्या बायकोनं सांगितलं. घरी येऊन त्यांनी मला येवढंच इचारलं, भाकर हाय का.

मी त्यांना लय बोलले होते रे. तू धरला गेलास तवापून मी त्यांच्या ताटात भाकर वाढायची, पर तोंडाकडं बघायची न्हाई. आता बघते.

आनखी एक सांगते. तो तुझा आकडा हाय ना, त्यो फुटलाय. कवाच फुटलाय, थंडीतच. अमीन म्हणला, जवाब आना. मग ह्ये मानूस जेवन टाकून बसलं. कागद संपले तर अंगनात काडीनं लिव्हायचं. मी झाडायला गेले की वरडायचे, "झाडू नको, झाडू नको." एक दिस मी दळायला बसले होते अन् अंगनातून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. मी भ्याले. भाईर येऊन बघते तर एकटेच उभे, अन् डोळ्यातून पानी. म्हणले, "भाग गेला. काय उरलं न्हाई. काय सुदिक उरलं न्हाई."

मग अमीनाकडं गेले. अमीनानं सवता गुनाकार करून बघितला म्हनं. दोनदा चुकला, तिसऱ्या बारीला बरोबर आला. मग खुर्चीतून उठला अन् सगळी पत्रं धाडायचा हुकूम दिला. त्यालाच आता चैन न्हाई. बाजारात भेटला की इचारतो, "लडके को मिला क्या?" तोच अमीन मुंजाजीला काठ्यांनी झोडपत घिवून गेला होता. मानसाचं काय सांगावं.

मी म्हणले, मग सांगा की लेकाला, आकडा फुटला म्हणून. तर म्हणले, "त्याला सांगितलं तर तो तिथं दिसभर काय करील?" म्हणून तुला लिव्हतात, ऊन हाय, पाटी न्हाई, गाळ काढायचाय. मला आकडा कळत न्हाई, पर तुझ्या आबांचं खोटं कळतंय. तसं खोटं ते कधी बोलले न्हाईत. त्यांला जमत बी न्हाई.

मी सांगितलं म्हणून त्यांला कळू दिऊ नको. तू सही करावी का न करावी, त्येच्यावर माझं बी काय म्हननं न्हाई. मला तू पायजे, येवढं हाय. पर कसा पायजे, ते तुझं तू बघ.

बायना म्हनते कागद सरला. अंगावर पांघरून घेत जा. तिथली भाकर कच्ची असती म्हनं, चावून खा.

तुझी माय

पेडगाव, ३ सप्टेंबर १९३९

चि. चंद्रभान,

नागपूरच्या पत्त्यावर पहिलंच पत्र. हे कुणी फोडणार नाही अशी आशा आहे. सवय अशी लागली आहे की लिहिताना खांद्यामागं बघतो.

तू गेल्यापासून मला परत बसवत नाही, म्हणून लिहून काढतो. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे. पण तू डब्यात होतास आणि मी फलाटावर, तेव्हा माझ्या बाजूनं कसं होतं ते तुला ठाऊक नाही.

सगळ्या सत्याग्रह्यांना सोडायचा हुकूम निघाला हे आम्हाला कळलं होतं. तू केव्हा सुटशील ते कळलं नव्हतं. मी आश्रुबाच्या बैलासाठी कासरा घ्यायला परभणीच्या बाजारात गेलो होतो. मुंजाजी समोरून पळत आला. डोकं भादरलेलं, मी ओळखलंच नाही. "मास्तर, चंदरभान आज पूर्णेला गाडी बदलायलाय. हिंगोलीच्या गाडीनं पुढं जानार, नागपूरला. कॉलेजात नाव घालायची मुदत सरत आलीय. तुमाला सांग म्हणला." मी विचारलं, "मला सांग म्हणाला, की मायेला?" मुंजाजी म्हणाला, "तुमाला."

तुझी माय पेडगावला. तिला आणायला जावं तर गाडी चुकते. मी कासरा हातात घेऊन तसाच स्टेशनवर धावलो. धोतराला शेण, डोक्याला मुंडासं. त्या वेशात मी परभणीच्या स्टेशनवर कधी गेलो नव्हतो. गाडीत माझा एक जुना विद्यार्थी होता, रेल्वेत लागलेला. तो उठून उभा राहिला आणि बसा म्हणाला. मी पूर्णेपर्यंत उभाच राहिलो.

हिंगोलीची गाडी लागलेली होती. लोकांनी तुमच्या डब्याला फुलांच्या माळा बांधल्या होत्या. तू खिडकीशी होतास. वाळला आहेस. मला वाटलं होतं, तू मला बघून तोंड फिरवशील, आणि तेवढं बघून मी परतीची गाडी धरीन. तसं ठरवूनच आलो होतो. तर तू खाली उतरलास आणि पायांना हात लावलास. तूच आधी बोललास.

"आबा, कुठवर आलात?"

"दोनशे त्र्याऐंशी."

"अजून तिथंच?"

"ऊन लय होतं."

"आता तर पाऊस चालू झालाय."

मी कासरा या हातातून त्या हातात घेतला. तू हसायला लागलास. तुझ्याबरोबरची पोरं बघायला लागली. म्हणालास, "मी पाचशेच्या खाली उतरलो होतो. मग सोडून दिलं."

"का? मी म्हणालो होतो ना, एकही सुटू देऊ नको?"

"आबा, तुमी आयुष्यात कुठला भागाकार अर्धा ठिवलाय? तुमी दोनशे त्र्याऐंशीवर थांबलात तवाच मी वळखायला पायजे होतं. उशिरा वळखलं. मग त्याच्या पुढच्यानं भागून बघितलं. दोनशे त्र्याण्णवनं."

"गेला?"

"तीन हजार चारशे तेरा. काय उरलं न्हाई."

मला खोटं बोलायचं होतं, "हो का?" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. तू पण वाट बघितली नाहीस. लगेच म्हणालास, "नौकरीचं मला का लिव्हलं न्हाईत?"

तुला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मला अंदाज आहे. बायना हल्ली माझ्या नजरेला नजर देत नाही.

मी म्हणालो, "लिहिलं असतं तर तुझी सही तुझी राहिली नसती. केली असती तरी माझ्यासाठी, नसती केली तरी माझ्यासाठी."

तू रुळांकडं बघितलंस. मग एकदम म्हणालास, "आबा, हजाराचा वर्ग अन् तीनचा वर्ग. बेरीज करा."

मी फलाटावर उभ्या उभ्या केली. दहा लाख नऊ. फळ्यावर डोळ्यांसमोर होतं. दहा लाख म्हणजे हजाराचा वर्ग, नऊ म्हणजे तीनचा वर्ग. इतके महिने मी त्याला फोडत होतो आणि तो कशाचा जोडलेला आहे हे बघितलंच नव्हतं.

तू घाईघाईनं सांगत होतास, गार्ड शिट्टी काढत होता. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच तऱ्हेनं मांडता येते. दुसरी तऱ्हा सापडली की समजायचं, संख्या मूळ नाही. एकही भागाकार करायला नको. "नियम कॉलेजात शिकलो होतो," म्हणालास, "पर दुसरी जोडी तिथं घावली, बराकीत. ती तुमी घिऊन जा. नऊशे बाहत्तर अन् दोनशे पस्तीस." मी विचारलं, कशी काढलीस? तू म्हणालास, "दोनशे त्र्याण्णव म्हंजे सतरा अन् दोनचे वर्ग. तीन हजार चारशे तेरा म्हंजे अठ्ठावन्न अन् सातचे. आता ते चौघं एकमेकांत गुणून बघा." तेवढ्यात गाडी हलली. तू चढलास. कुणीतरी जयजयकार केला. मी मात्र ओठांत पुटपुटत होतो, सतरा गुणिले अठ्ठावन्न, सतरा गुणिले अठ्ठावन्न.

गाडी गेली. फलाटाच्या टोकाला जिथं फरशी संपते आणि माती लागते तिथं मी बसलो आणि काडीनं केलं. सतरा गुणिले अठ्ठावन्न, नऊशे शहाऐंशी. दोन गुणिले सात, चौदा. मिळवले तर हजार, वजा केले तर नऊशे बाहत्तर. सतरा गुणिले सात, एकशे एकोणीस. दोन गुणिले अठ्ठावन्न, एकशे सोळा. वजा केले तर तीन, मिळवले तर दोनशे पस्तीस. चंद्रभान, दोन्ही जोड्या त्या चारच आकड्यांतून निघतात! मग वर्ग केले. नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी. पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. बेरीज हातचे चुकतील म्हणून सावकाश केली. बरोबर आली.

एक हमाल माझ्यामागं उभा होता. म्हणाला, "बाबा, काय हरवलंय का?" मी नाही म्हणालो.

तिन्हीसांजेला पेडगावला पोचलो. तुझी माय दारातच होती. मुंजाजीनं तिला निरोप पोचवला होता, आणि मी तिला न घेता गेलो हेही. ती बोलायच्या आधीच मी म्हणालो, "भेटला. वाळलाय पण बरा आहे. पाया पडला."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "काय म्हणला?"

"नऊशे बाहत्तर म्हणाला."

"आनखी?"

"दोनशे पस्तीस."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती वर्ग विचारते आहे, म्हणून मी सांगायला लागलो. तिनं कपाळावर हात मारला.

"अन् घरी कवा येतो म्हणला?"

ते विचारायचं राहिलं, चंद्रभान. गाडी सुटली, आणि मी गुणाकारात होतो.

तेव्हापासून तिनं मला भाकर वाढताना परत तोंडाकडं बघणं बंद केलं आहे. आश्रुबा हसतो. तू तेवढं कळव. दिवाळीला येणार असलास तर आम्ही दोघं स्टेशनवर येऊ, ती आणि मी. न येणार असलास तर तसं लिही, पण मग ते पत्र तिच्या नावानं टाक, माझ्या नको.

आबा